जिनिव्हाच्या काट्यावर कृष्णाकाठचा ऊस

(लेखमाला : कराराची किंमत – लेखांक ५)

उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. वाळवा असो, पलूस असो की कराड, काटामारीची शंका इथल्या माणसाच्या मनातून कधी जात नाही, आणि ती उगाच आलेली नाही. याच उसाचं वजन २०१९ ते २०२१ या काळात आणखी एका काट्यावर झालं. तो काटा होता जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत. तिथं उभं राहून आकडा बघायची मुभा मात्र ऊस पिकवणाऱ्या कुणालाच नव्हती.

२०१९ च्या सुरुवातीला ब्राझील आणि ऑस्ट्रेलियानं, पाठोपाठ ग्वाटेमालानं भारताविरुद्ध तक्रार गुदरली. भारत उसाला प्रमाणाबाहेर आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदानं देतो, असा आरोप होता. १४ डिसेंबर २०२१ रोजी तंटा पथकाचा निकाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ अशी सलग पाच वर्षं भारतानं ऊस उत्पादकांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एकूण ऊस उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा, जास्त आधार दिला, असं त्यात म्हटलं होतं.

हा ‘आधार’ म्हणजे मुख्यतः एफआरपी. ज्या दरासाठी इथं दर हंगामाला ऊस परिषदा होतात, तोडी थांबतात, गाड्या अडवल्या जातात, तोच हा रास्त आणि किफायतशीर दर. भारतानं बाजू मांडली की हा पैसा सरकारच्या तिजोरीतून जात नाही, तो कारखाना देतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायची जबाबदारी कारखान्याची आहे. पथकानं ते मानलं नाही. सरकारनं दर बांधून दिला की पैसे कुणीही देवो, तो आधारच ठरतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

खरी मेख पुढं आहे. आधार मोजताना सरकारी दराची तुलना आजच्या बाजारभावाशी होत नाही. ती होते १९८६ ते ८८ या वर्षांतल्या किमतींशी. शेतीविषयक करारात ही वर्षं एकदा कोरली गेली, ती तशीच राहिली. त्या काळी आपल्याकडे उसाचा किमान दर क्विंटलला २० रुपयांच्याही आत होता. २०१८-१९ ला एफआरपी होती २७५ रुपये. मधल्या ३० वर्षांत खत, डिझेल, पंपाचं बिल, बेणं, मजुरी सगळं कुठल्या कुठं गेलं. पण त्या सूत्रात दोन दरांमधला फरक घ्यायचा, त्याला उसाच्या उत्पादनानं गुणायचं आणि येईल त्या आकड्याला सरकारी मदत म्हणायचं. गावातल्या काट्यात असा दोष निघाला असता तर त्याच दिवशी त्याला सील लागलं असतं.

ज्या देशांनी त्या काळात भरमसाट अनुदानं दिली होती, त्या अमेरिका, युरोप आणि जपाननं कमी करत नेण्याच्या बोलीवर ती पुढं चालू ठेवायची मोठी मर्यादा आपल्या नावे करून घेतली. भारताच्या वाट्याला उरले हे १० टक्के.

तक्रार करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भारताची अनुदानित साखर जगाच्या बाजारात उतरली की भाव पडतात आणि क्वीन्सलँडच्या ऊस उत्पादकालाही त्याची झळ बसते, हे खोटं नाही. पण साखर कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मोठी साखर उत्पादक कंपनी म्हणजे सिंगापूरची विल्मर. भारतातल्या श्री रेणुका शुगर्सची बहुसंख्य मालकीही २०१८ पासून तिच्याकडेच आहे. यात बेकायदा काहीच नाही. निकाल कुणाच्याही बाजूनं लागला तरी भांडवल दोन्ही तीरांवर उभं असतं. आष्ट्याच्या शेतकऱ्याला मात्र आपला फड उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

भारतानं निकालाविरुद्ध अपील केलं. पण अपील मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेनं रोखून धरल्यानं ते डिसेंबर २०१९ पासून बंद पडलं होतं. त्यामुळे एफआरपी वाचली आहे ती न्यायानं नव्हे, कोर्टाला कुलूप लागल्यानं.

व्यापार संघटनेत निदान सरकारंच एकमेकांविरुद्ध उभी राहतात. गुंतवणूक संरक्षणाच्या करारांत कंपनीला थेट सरकारला लवादात खेचता येतं. महाराष्ट्रानं हे दाभोळला पाहिलं. वीजखरेदी थांबल्यावर २००१ मध्ये एन्रॉनचा प्रकल्प बंद पडला. एन्रॉनच्या भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, दोन्ही अमेरिकी. त्यांनी २००३ मध्ये दावा लावला तो भारत-मॉरिशस कराराखाली, कारण गुंतवणूक मॉरिशसच्या कंपन्यांमार्फत आली होती. २००५ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. महागड्या विजेचा करार ज्यांच्या माथी मारला गेला, त्या ग्राहकांना मात्र अशा कुठल्याच लवादाचा दरवाजा नव्हता.

व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचा दावा तर आणखी बोलका आहे. कोल इंडियाशी तिचं भांडण होतं. भारतीय न्यायालयांत नऊ वर्षं प्रकरण रेंगाळलं, म्हणजे दाद मागण्याचं परिणामकारक साधन भारतानं दिलं नाही, असा निवाडा २०११ मध्ये लवादानं दिला आणि भारताला भरपाई द्यावी लागली.

नऊ वर्षं! पाटण तालुक्यात कोयनेचं धरण उभं राहून साठ वर्षं उलटली. त्यासाठी उठलेल्या कुटुंबांची नातवंडं जमिनीसाठी २०१८ मध्ये डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलासोबत कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. त्यांच्या विलंबाची भरपाई मोजणारं कलम कुठल्याच करारात नाही. व्हाइटच्या निवाड्यानंतर केंद्र सरकार मात्र सावध झालं. २०१६ च्या नव्या नमुना करारात परदेशी गुंतवणूकदारानं आधी पाच वर्षं इथल्या न्यायालयांत दाद मागावी, अशी अट आली. संयुक्त अरब अमिरातीशी २०२४ मध्ये झालेल्या करारात ती तीन वर्षांवर आणली गेली.

या सगळ्यात ऊसतोड मजूर कुठं आहे? बीडहून येऊन कृष्णाकाठच्या फडात उतरणारं नवरा-बायकोचं जोडपं हिशेबात ‘एक कोयता’ म्हणून धरलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाच्या दबावामुळे. व्यापार संघटनेनं १९९६ च्या सिंगापूर परिषदेतच कामगारांच्या हक्कांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे ढकलला. त्यात भारतासारख्या देशांचाही आग्रह होता, कारण मजुरांच्या नावाखाली श्रीमंत देश आपला माल अडवतील ही भीती होती. भीती रास्त होती. पण पेटंटधारकाचं संरक्षण व्यापार संघटनेच्या करारात बसलं आणि कोयत्याचं बाहेर राहिलं, हेही तितकंच खरं.

राज्यघटनेनुसार शेती हा राज्याचा विषय. तरीही परदेशांशी करार केंद्र सरकार करतं आणि त्याला संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही. उलट कलम २५३ नुसार कराराच्या अंमलासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. ब्रिटनबरोबरचा करार २४ जुलै २०२५ रोजी झाला आणि त्याचा पूर्ण मसुदा लोकांसमोर आला तो सह्या झाल्यावर. साताऱ्या-सांगलीच्या वाचकांना म्हणूनच विनंती आहे : पहिल्या उचलीचा आकडा जितक्या हक्कानं विचारता, तितक्याच हक्कानं आपल्या खासदाराला पुढच्या कराराचा मसुदा मागा, आणि तो सह्यांच्या आधी मागा.