हिम्मत शाह यांची मृण्मय मस्तके

गुजरातेतील लोथल येथे १९५५ साली पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली हडप्पाकालीन अवशेषांच्या उत्खननास आरंभ झाला, तेव्हा त्याच गावी १९३३ साली जन्मलेले शिल्पकार हिम्मत शाह यांचे बालपण केव्हाच सरलेले होते. म्हणून त्यांच्या शिल्पांतील प्राचीनत्व म्हणजे उत्खननात सापडलेल्या मुद्रांची व मृण्मूर्तींची नक्कल होय, असे कोणी म्हणेल तर ते मला सर्वथैव अमान्य आहे.

मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे विद्यापीठ, अकोल्याचे चित्रकार अंबादास ज्यात होते तो १९६२ साली स्थापन झालेला ‘ग्रूप १८९०’ हा कलावंतांचा गट आणि पॅरिसमधील हेटर यांची मुद्राचित्रशाळा, असा त्यांच्या शिक्षणाचा व उमेदवारीचा तपशील आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर शाळेच्या भिंतींवर विटा व सिमेंट यांतून त्यांनी भव्य उत्थित शिल्पे उभारली. परंतु त्यांची खरी कमाई म्हणजे दिल्लीच्या गढी येथील कार्यशाळेत वर्षानुवर्षे घडविलेली मस्तके.

ही मस्तके ते साच्यात माती ओतून घडवीत. प्लास्टरच्या साच्यात मातीचा पातळ घोळ ओतला, की प्लास्टर त्यातील पाणी शोषून घेते, साच्याच्या अंगास मातीचा थर धरतो आणि उरलेला घोळ ओतून काढल्यावर आतून पोकळ आकृती हाती येते. ही माती सुकताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते, आणि जाडपातळ भाग सारख्या गतीने आकसत नसल्यामुळे तिला तडे जातात. सामान्य कारागीर ज्यास खोट समजून भांडे फेकून देईल, ते तडे, ती खरखर आणि तो ओरखडा शाह यांनी शिल्पाच्या अंगभूत मानला. लांबट मान, कपाळापासून सरळ उतरणारी नाकाची धार, नेत्रांच्या जागी केवळ एक चीर, क्वचित वर चांदीचा वर्ख. एवढ्याच सामग्रीवर ते मस्तक सहस्रावधी वर्षे भूगर्भात राहून आल्यासारखे भासते. ऊन, पाणी व अग्नी यांनी मातीवर जे संस्कार हडप्पाकाळी केले, तेच ते आजही करतात, आणि शाह यांनी त्यांना आडकाठी केली नाही, हेच त्या भासाचे कारण होय.

पुढे जयपूरच्या वास्तव्यात त्यांनी ब्राँझचे ओतकामही केले. २०२५ च्या मार्चमध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. ब्राँझमध्ये मातीवरील ओरखडा जसाच्या तसा उतरतो खरा, परंतु भाजलेल्या मातीचा सच्छिद्र, उबदार पोत त्यात येत नाही, आणि म्हणून त्यांच्या समग्र कृतींत मी अग्रमान देतो तो मातीच्या मस्तकांनाच.