दूरस्थ विद्यार्थी आणि पाठरचनेची सेवा

गाझाच्या वाटेवर कूशी राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत होता (प्रे. कृ. ८). ग्रंथ हाती होता, वाचताही येत होते. परंतु अर्थ उलगडत नव्हता. फिलिप्पाने आरंभी प्रवचन केले नाही. त्याने प्रश्न विचारला, विनंती होताच तो रथात चढून शेजारी बसला, आणि जेथे वाचक अडला होता तेथूनच त्याने बोलण्यास प्रारंभ केला. ख्रिस्ती विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी पाठ रचणाऱ्याचे कार्य कोणते, हे समजण्यास याहून उचित दाखला आम्हांस सुचत नाही.

हा विचार संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. १९६३ साली ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे एक पेच उभा होता. ग्रामीण मंडळ्यांचे खरे पुढारी संसारी, शेती-व्यवसायात गुंतलेले होते; ते वसतिगृहात येऊन राहणे शक्य नव्हते. तेव्हा सेमिनरीच त्यांच्याकडे गेली. घरी स्वाध्याय करावा आणि ठराविक दिवशी आचार्यांसह एकत्र बसावे, अशी योजना झाली. भारतात याच हेतूने १९७१ साली बंगळूर येथे 'टाफ्टी' ही संस्था स्थापन झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीस कुंपणाची उपमा दिली. वरचा आडवा वासा म्हणजे अभ्यास, खालचा म्हणजे प्रत्यक्ष सेवा, आणि दोहोंना धरून ठेवणारे खांब म्हणजे नियमित भेटी.

हे सारे ठाऊक असूनही आमच्या हातून चूक झाली. 'अन्य धर्मीयांशी संवाद' या विषयावरील वर्गातील पाऊण तासाची व्याख्याने आम्ही जशीच्या तशी ध्वनिचित्रमुद्रित करून पाठविली. ग्वाल्हेरच्या फूलबागेजवळ राहणारा एक मराठीभाषी विद्यार्थी दिवसभर नोकरी करून रात्री मोबाइलवर ती ऐकत असे. तिसऱ्या पाठानंतर त्याने लिहिले, "फादर, पाठ समजला, पण उद्या मी काय करावे, ते समजले नाही."

वर्गात विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील संभ्रम आचार्यांना दिसतो व ते थांबतात. पडद्यापलीकडचा चेहरा दिसत नाही. म्हणून कोठे थांबावे, हे पाठ रचतानाच ठरवावे लागते. आम्ही तो पाठ शेवटाकडून पुन्हा रचला. पाठाअंती विद्यार्थ्याला काय करता यावे, हे प्रथम लिहिले. ते करता आले की नाही, याची कसोटी मग ठरविली. आणि त्यासाठी अवश्य तेवढेच वाचन व व्याख्यान ठेवले. व्याख्यानाचे दहा-दहा मिनिटांचे भाग करून प्रत्येकापुढे एक प्रश्न घातला. चुकीच्या उत्तरापुढे केवळ 'चूक' न लिहिता, विचार कोठे निसटला हेही सांगितले.

स्वाध्यायही बदलला. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या फूलबागेच्या परिसरात मंदिर, मशीद व गुरुद्वारा एकमेकांच्या सान्निध्यात आहेत. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले : तेथील एका उपासकाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे आणि त्याची श्रद्धा अशा शब्दांत लिहावी, की वाचून त्यानेच 'होय, हेच माझे म्हणणे' असे म्हणावे. मग आपली साक्ष लिहावी. जे स्थळ तो नित्य ओलांडून जात होता, तेच त्याची पाठशाळा झाले.

मराठी ख्रिस्ती परंपरेला ही दृष्टी अपरिचित नाही. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती जनांसाठी फादर स्टीफन्स यांनी ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पंडिता रमाबाईंनी साध्या स्त्रियांना कळावे म्हणून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. दोघांनीही आशय उणा केला नाही. ऐकणारा कोण आहे, हे मात्र आधी पाहिले.

अर्थात या साधनाला मर्यादा आहे. पडदा पाठ पोहोचवील. प्रभुभोजनाची पंगत पोहोचविणार नाही. रुग्णाच्या उशाशी बसण्याचे शिक्षण रुग्णाच्या उशाशीच मिळते. म्हणून स्थानिक मंडळी व तिचा पाळक हे अभ्यासक्रमाचे परिशिष्ट नव्हेत. ते कुंपणाचे खांब होत. खांबांवाचून दोन्ही वासे जमिनीवर येतात.

तेव्हा पाठ रवाना करण्यापूर्वी रचनाकाराने स्वतःला एवढेच विचारावे : आपण रस्त्यावरूनच बोलत आहोत, की रथात चढून बसलो आहोत?