मदरबोर्डाची पारख

संगणक घरीं जुळविण्याची हौस अलीकडे आपल्या तरुण मंडळींत बरीच दिसते, आणि वडीलधाऱ्यांनीं तिला आडकाठी करूं नये असें आमचें मत आहे. परंतु या हौसेचा पहिला फटका बसतो तो मदरबोर्डाच्या खरेदींत. दहा-पंधरा हजारांपासून लाखापर्यंत किंमत. आणि "महाग तोच उत्तम" ही समजूत. मग घरचा पैसा नको तेथें जातो.

वास्तविक महाग बोर्डानें प्रोसेसर फारसा वेगवान होत नाहीं. बोर्डाचें मुख्य काम त्याला स्थिर वीज पुरविण्याचें. 12 व्होल्टची वीज सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवून द्यावी लागते. म्हणजे 200 वॅट घेणारा प्रोसेसर 160 अँपिअर प्रवाह ओढतो! हें काम करणारे व्हीआरएमचे घटक फार तापले कीं प्रोसेसरास वेग आवरता घ्यावा लागतो. म्हणून त्यांच्यावर धातूचे भरीव हीटसिंक आहेत कीं नाहींत तें पाहावें, रंगीत दिव्यांची आरास पाहूं नये. (दिवाळी वर्षांतून एकदांच पुरे.) मध्यम किंमतीचे पुष्कळ बोर्ड या परीक्षेस उतरतात.

सॉकेटाचें आयुष्यहि पाहावें. एएमडीच्या एएम4 सॉकेटाचे बोर्ड 2017 सालीं घेणाऱ्या अनेकांनीं केवळ बायोस अद्ययावत करून 2022 चा रायझन प्रोसेसर त्याच बोर्डावर बसविला. इंटेलचा एलजीए1700 सॉकेट 2021 सालीं आला, आणि 2024 सालीं नव्या प्रोसेसरांसाठीं एलजीए1851 चा निराळा बोर्ड घ्यावा लागला.

आम्हांस स्वतःला ठेच लागली ती मेमरींत. एएम5 बोर्डावर चार खांचा दिसल्या, म्हणून आम्हीं डीडीआर5 च्या चार पट्ट्या भरल्या. यंत्र पूर्वीच्या वेगानें सुरूच होईना! रायझन 7000 साठीं एएमडीनें दोन पट्ट्यांस 5200, पण चारांस 3600 एवढाच वेग नेमून दिला आहे, हें मागाहून वाचलें. दोष दुकानदाराचा नव्हे, आमच्या उतावळेपणाचा.

उंची बोर्डाचें खरें मोल जोडण्यांत असतें. एक्स870ई बोर्डांवर यूएसबी4 असतेंच, डिस्कांसाठीं एम.2 च्या खांचाहि अधिक असतात. मात्र कांहीं बोर्डांवर दुसरी जलद डिस्क बसवितांच ग्राफिक्स कार्डाच्या सोळा मार्गांपैकीं आठच उरतात. आणि चिपसेटवर जोडलेल्या साऱ्या उपकरणांस प्रोसेसराकडे जाण्यास चार मार्गांचा एकच रस्ता. वाड्यांत खोल्या दहा आणि दिंडी एक, अशी ही स्थिति. यासाठीं दुकानांत जाण्यापूर्वीं बोर्डाची माहितीपुस्तिका बारकाईनें वाचावी.

चित्रफितींचें संपादन करणाऱ्यास, ज्याला चार-पांच डिस्का व जलद नेटवर्क लागतें, त्याला उंची बोर्ड खुशाल घेऊं द्यावा. ज्याला केवळ खेळ खेळावयाचे आहेत त्यानें बी850 वर भागवून उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डांत घालावेत. प्रोसेसराशिवाय बायोस बदलण्याचें बटण मात्र स्वस्त बोर्डावरहि असावें. बोर्ड नव्या प्रोसेसरास ओळखीत नसल्यास तेंच कामीं येतें.