मशीन चालत होतं, तरी वायरिंग चुकलेलं होतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता बसमध्ये हेडफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण यातला मूर्ख मीच आहे.

पुण्यात आम्ही तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या वर्षी सेकंडहँड वॉशिंग मशीन घेतलं. ठेवायला जागा एकच, ड्राय बाल्कनी. तिथे सॉकेट नव्हतं. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "बघायला यावं लागेल, अर्थिंगचं काम निघालं तर खर्च वाढेल." मी म्हटलं, दोन वायरी जोडायला एवढं काय? रील बघितली, हार्डवेअरच्या दुकानातून वायर आणि सॉकेट आणलं, आणि किचनच्या बोर्डातून लाईन ओढली. फेजच्या वायरीला वायर पिळून जोडली, न्यूट्रललाही तसंच, वरून काळी टेप.

अडचण एकच आली. सॉकेटला तीन भोकं, आणि बोर्डात वायरी दोनच. अर्थची हिरवी वायर नव्हतीच. त्यावर रीलमध्ये उपाय होता: न्यूट्रलच्या पिनमधून छोटा तुकडा अर्थच्या पिनला लावा, लूप मारा. मी मारला. टेस्टर लावला, पेटला. मशीन लावलं, फिरलं. खालून चहा मागवला.

चार महिने काहीही झालं नाही. जुलैमध्ये एका संध्याकाळी मशीन मध्येच बंद पडलं. रूममेट कपडे काढायला गेला. मला आवाज आला तो मशीनचा नाही, त्याचा. पत्र्याला हात लावताच त्याला झटका बसला आणि तो मागच्या भिंतीवर आदळला. पायात रबरी स्लिपर होती, फरशी त्या दिवशी कोरडी होती, म्हणून एवढ्यावर निभावलं. एरवी ती फरशी ओलीच असते आणि आम्ही अनवाणीच फिरतो.

आता यात नेमकं काय झालं ते नीट सांगतो, कारण रील बनवणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं.

वीज फेजमधून येते, मशीनमधून जाते आणि न्यूट्रलमधून परत जाते. अर्थची वायर एरवी रिकामीच असते. मशीनच्या आत एखादी वायर सोलून पत्र्याला लागली, तर करंट माणसातून न जाता या वायरीने जमिनीत जावा आणि एमसीबी पडावा, एवढ्यासाठी ती असते. आपल्या प्लगची अर्थची पिन जास्त लांब आणि जाड असते ती याचसाठी. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते.

मी ही पिन न्यूट्रलला बांधली होती. म्हणजे मशीनचा पत्रा थेट न्यूट्रलवर. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही कळत नाही. पण बोर्डातला माझा तो पिळलेला जॉइंट सैल होता. सैल जॉइंट तापतो, तापला की काळा पडतो, मग अजून तापतो. चार महिन्यांत तो जळून तुटला. आता फेजमधून आलेला करंट मशीनमधून न्यूट्रलच्या पिनपर्यंत येतोय, पुढे वाट नाही, आणि माझ्या लूपमधून तो पत्र्यावर चढलाय. मशीन बंद दिसतंय, पण पत्रा जवळपास २३० व्होल्टवर.

तुम्ही म्हणाल, एमसीबी कशाला असतो? मीही हेच म्हणालो होतो. एमसीबी असतो वायर वाचवायला. आमचा १६ अँपिअरचा होता, म्हणजे साधारण तेवढा करंट वाहिल्याशिवाय त्याला काही वाटत नाही. माणसाचं गणित वेगळं आहे. १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास गेला की हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात. ३० मिलीअँपिअर आणि १६ अँपिअर यांत पाचशे पटींहून जास्त अंतर आहे. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत खाली येतो असं धरलं, तर २३० व्होल्टवर २३० मिलीअँपिअर. माणूस जाईल, एमसीबी जागचा हलणार नाही.

हे करंट पकडायला वेगळी वस्तू लागते, आरसीसीबी. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ती सतत तोलत राहते. फरक पडला म्हणजे करंट दुसरीकडून गळतोय, आणि ती सप्लाय तोडते. घरात ३० मिलीअँपिअरवाली लावतात. आमच्या फ्लॅटमध्ये नव्हती. तुमच्याकडे आहे का, हे बघणं सोपं आहे: मेन बोर्डात 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण शोधा.

मग आम्ही रीतसर परमिट असलेले वायरमन काका बोलावले. त्यांनी आधी मेन बंद केला, सॉकेट उघडलं आणि विचारलं, "हे कोणी केलं रे?" मी म्हटलं, "मीच, काका." त्यांनी फक्त लूपचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं, कारण त्यातलं निम्मं काम जोडण्याचं नव्हतंच, मोजण्याचं होतं. मेगर लावून ५०० व्होल्टवर वायरींचं इन्शुलेशन तपासलं. ते निदान १ मेगाओहम तरी यावं लागतं. फेज-न्यूट्रल उलटे झालेत का पाहिलं. खालच्या मीटर रूममधून खरी अर्थची वायर वर आणली. किचनच्या बोर्डाचा लोड किती, मागची वायर किती जाडीची, तिला किती अँपिअरचा एमसीबी चालेल, हे ताडून पाहिलं. "एमसीबी सारखा पडतो म्हणून लोक मोठा बसवतात," ते म्हणाले, "मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर जळते." माझ्या टेस्टरने यातलं काहीच सांगितलं नसतं. त्याला अर्थ आहे की नाही ते कळत नाही, जॉइंट सैल आहे तेही कळत नाही.

कायद्याचंही थोडक्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० साली आले आणि २०२३ मध्ये नव्याने काढले गेले. त्यांनुसार वायरिंगचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडून. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसा होता तसाच बदलणं याला सूट आहे. नवीन पॉइंट काढणं, लोड वाढवणं याला नाही. म्हणजे मी केलेलं काम सूटमध्ये बसत नव्हतंच. नवीन मीटर घेताना परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट मागतात तो यामुळेच.

हो, मला माहितीये, गल्लीतल्या निम्म्या 'इलेक्ट्रिशियन' लोकांकडे परमिट नसतं आणि विचारलं की राग येतो. तरी विचारा. आणि "अर्थिंग तपासणार का, कशाने?" हेही विचारा. ज्याच्याकडे टेस्टर सोडून काहीच नाही, त्याच्यात आणि माझ्यात फार फरक नाही.

खर्चाचं म्हणाल तर घरमालक आधी "इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही" म्हणाले. मी त्यांना जळलेल्या जॉइंटचा फोटो पाठवला. त्यांनी निम्मे पैसे दिले, आरसीसीबीसकट.

जाताना काकांनी सांगितलं, महिन्यातून एकदा ते 'टी' बटण दाबायचं, पडला तर ठीक, नाही पडला तर मला फोन. पहिल्यांदा दाबलं तेव्हा अख्खं घर अंधारात गेलं आणि आतल्या खोलीतून रूममेट ओरडला, "अरे, मॅच चालू होती!" आता मी आधी विचारून दाबतो.