दोन चाकं गरगर, दोन ढिम्म

चारही चाकांना ताकद पोहोचवणारी दणकट जीप. पावसाळ्यात, सह्याद्रीतल्या एखाद्या कच्च्या वाटेवर तिचं पुढचं डावं चाक खड्ड्यावर लटकतं आणि मागचं उजवं जमीन सोडतं. चालक अॅक्सिलरेटर दाबतो. हवेतली दोन चाकं गरगर फिरतात आणि जमिनीवर घट्ट टेकलेली दोन ढिम्म उभी राहतात! पकड ज्यांना आहे, नेमकी तीच बेकार. असलं यंत्र बनवलं तरी कोणी?

एका घड्याळजीने. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२०च्या दशकात ते वाफेच्या गाडीसाठी मांडलं. कार्ल बेंझची पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी १८८६ साली पेटंट झाली, म्हणजे त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी. यंत्राचं नाव डिफरन्शिअल. आणि ते सोडवतं तो प्रश्न भलताच मजेदार आहे.

जीप सपाट मैदानावर एक पूर्ण गोल चक्कर मारते असं समजा. डाव्या आणि उजव्या चाकात अंतर साधारण दीड मीटर. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा किती जास्त धावावं लागेल? सुमारे ९.४ मीटर. आता चक्कर दहापट मोठी करा. तरी ९.४ मीटर. पुरी करायला अख्खा दिवस लागेल एवढी मोठी करा. तरीही तेवढंच! दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवली, तर हा फरक टायर घासूनच भरून काढावा लागणार.

डिफरन्शिअल तो न घासता भरून काढतं. इंजिनाकडून आलेलं पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. क्राउनला जोडलेल्या पेटीत छोटी दातेरी चाकं असतात आणि ती दोन्हीकडच्या शाफ्टच्या गिअरमध्ये अडकलेली असतात. गाडी सरळ चालली की ही छोटी मंडळी पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. गाडी वळली की स्वतःभोवतीही फिरू लागतात, आणि आतलं चाक जेवढं मंदावतं तेवढंच बाहेरचं वेग घेतं. दोघांची सरासरी कायम क्राउनच्या वेगाएवढी. सेन्सर नाही, वीज नाही, गणित करणारं कोणी नाही. दात्यांत दाते अडकलेत, इतकंच.

मग चिखलात ते का फसवतं? बैलजोडीचं जू डोळ्यांसमोर आणा. ते मधोमध दांडीला सैल बांधलेलं असेल आणि एका बैलाने ओढच सोडली, तर जू गर्रकन फिरतं आणि दुसऱ्याचा जोर वाया जातो. डिफरन्शिअलसुद्धा दोन्ही बाजूंना कायम सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरवायला जवळजवळ शून्य जोर पुरतो. म्हणून जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही जवळजवळ शून्यच. आणि सरासरीचा नियम पाळायचा, तर लटकलेलं चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरतं!

उपाय उघड आहे: जू दांडीला करकचून आवळा. हेच डिफ लॉक. एका बाजूचा शाफ्ट पेटीला पक्का जखडला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बांधील होतात आणि लागेल तो सगळा जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला यात काही नवल नाही. त्याच्या पायाशी डिफ लॉकचं पेडल असतंच.

आता निवड. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढचं आणि मागचं लॉक चालकाने स्वतः लावायचं असतं. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं लॉक दाबलेल्या हवेवर लागतं. पण मला सगळ्यात चकित करतं ते ईटनचं स्वयंचलित लॉक. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत ते मागच्या अॅक्सलवर येतं. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला शंभराच्या आसपास फरक पडला की आतली चिमुकली वजनं फेकली जाऊन बाहेर येतात, एका खिटीत अडकतात आणि लॉक बसतं. गाडीने ताशी ३० किलोमीटरच्या आसपासचा वेग ओलांडला की ते बसणंच बंद. स्वतःच्या फिरण्यातून लोखंडाला कळतं की आता गरज आहे!

जिम्नी ही गाडी तर लॉक लावतच नाही. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून खोटं ओझं देते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे जोर वळवते. युक्ती झकास, पण मोठ्या चढावर सतत ब्रेक मारत राहिल्याने ताकद उष्णतेत जाते.

एकच लॉक परवडणार असेल, तर मी मागचं घेईन. चढावर वजन मागे सरकतं, म्हणजे पकडही तिथेच असते. पुढचं लावलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जायला बघते. आणि त्याआधी चांगले टायर, हे सांगायलाच हवं. पकडच नसेल तर लॉक वाटणार काय?

लॉक लावून निसरड्या आडव्या उतारावरून जाताना मात्र सावध. एरवी घसरणारं एक चाक फिरत राहतं आणि त्याचा जोडीदार गाडीला बाजूने धरून ठेवतो. लॉक लागलं की दोन्ही एकदमच फिरू लागतात, बाजूची पकड दोघांचीही जाते आणि गाडीची मागची बाजू सरळ दरीच्या दिशेने सरकते. तिथे लॉक काढून, हळू जा.