मोबाइलच्या गाभ्यात राहिलेला जुना पत्ता

नोव्हेंबर 2017च्या अखेरीस शाओमीने ‘देश का स्मार्टफोन’ म्हणत रेडमी 5ए भारतात आणला. सुरुवातीची किंमत 4,999 रुपये. बुऱ्हाणपुरातल्या पॉवरलूम कामगाराला किंवा केळीच्या गाड्या भरणाऱ्या हमालाला परवडेल, असा फोन. त्याच महिन्यात गूगलच्या ‘सिझबॉट’ या स्वयंचलित तपासयंत्रणेला लिनक्स कर्नलमध्ये एक दोष सापडला होता. पुढे तो या फोनमध्येही निघाला.

हा कर्नलच अँड्रॉइडचा गाभा. कोणत्या अ‍ॅपला किती मेमरी द्यायची, कॅमेऱ्याला कोण हात लावू शकतो, हे तो ठरवतो. अ‍ॅप एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. त्यांचे आपसातले निरोप कर्नलमधला ‘बाइंडर’ पोचवतो. तो लिहिला होता सी भाषेत. तिथे मेमरी मागायची, वापरायची आणि परत करायची, हा सगळा हिशेब प्रोग्रॅमरने ठेवायचा.

बाइंडर वापरणाऱ्या प्रत्येक थ्रेडची, म्हणजे अ‍ॅपमधल्या कामाच्या धाग्याची, नोंद मेमरीत असते आणि त्या नोंदीतच एक प्रतीक्षायादी असते. ‘ईपोल’ हा कर्नलचा दुसरा भाग त्या यादीत आपले नाव घालतो आणि तिचा पत्ता स्वतःकडे लिहून ठेवतो. थ्रेडने काम संपल्याचे सांगितले की बाइंडर ती नोंद मोकळी करी, पण ईपोलला कळवत नसे. लूमचा गाळा भाडेकरूने सोडला, पण सूत पोचवणाऱ्याच्या वहीत जुनाच पत्ता राहिला, तर माल नव्या भाडेकरूच्या दारात पडणार. इथे तो नवा भाडेकरू म्हणजे हल्लेखोर. मोकळ्या झालेल्या जागेत तो स्वतःला हवी तशी माहिती बसवतो. नंतर ईपोल यादीतून आपले नाव काढायला येतो आणि त्या जागेत कर्नलचाच एक पत्ता लिहून जातो. तो हाती लागला की टप्प्याटप्प्याने कर्नलची मेमरी वाचता येते, बदलता येते. एक साधे अ‍ॅप मग फोनचे मालक होऊ शकते.

दुरुस्ती अवघड नव्हती: थ्रेड संपताना ईपोलला कळवायचे आणि मगच जागा मोकळी करायची. फेब्रुवारी 2018 मध्ये ती लिनक्समध्ये आली, पण अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा-सूचनांत गेली नाही. सप्टेंबर 2019 मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या सुरक्षा-संशोधन गटातल्या मॅडी स्टोन यांनी हाच दोष पुन्हा शोधला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असल्याची माहिती त्यांच्याकडे होती. हा दोष असलेल्या फोनच्या यादीत पिक्सेल 2 आणि सॅमसंग एस 9 यांच्यासोबत रेडमी 5ए होता. आता या दोषाला सीव्हीई-2019-2215 हा ओळख-क्रमांक मिळाला. चूक कोणाच्याही हातून होते; उपाय तयार असताना तो दीड वर्षाहून अधिक काळ लोकांच्या फोनपर्यंत न पोचणे मला जास्त गंभीर वाटते.

गूगलच्या अभियंत्यांनी पुढे बाइंडर रस्ट भाषेत नव्याने लिहिला. सोडलेल्या मेमरीचा असा वापर ती भाषा बहुतेक वेळा प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवते.

घरात जुना अँड्रॉइड फोन असेल, तर सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची तारीख पाहा. ती 6 ऑक्टोबर 2019च्या आधीची असेल आणि नवा अपडेट मिळत नसेल, तर त्या फोनवरून यूपीआय आणि बँकेचे व्यवहार करू नका.