सायकलची पिशवी आणि हंगामातील रस्ता



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाकडून आपणांस तोडीचा कार्यक्रम नि खोडव्याची खते यांविषयीच लिहिले जाते. या खेपेस आम्ही सायकलविषयी लिहीत आहोत. मोटारसायकली घरोघरी झाल्या हे खरे. तरी रात्रीच्या विजेला दारं धरायला जाणारा गडी, शाळेला जाणारी पोरं आणि आमच्यासारखी काही जुनी खोडं यांची सायकल सुटलेली नाही. त्यात आता महिनोन् महिने रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असणार.

सीटखाली एक कापडी पिशवी बांधावी. तीत अनेक घरांचा चपटा पाना, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, सोल्युशन, पॅचचे तुकडे, पॉलिश पेपर आणि वीतभर व्हॉल्व्ह ट्यूब एवढे पुरे. टायर स्क्रू ड्रायव्हरने उचलू नये, ट्यूब चिमटते नि एकाची दोन भोके होतात. पंप मात्र हवाच.

हवा गेली की पंक्चर झाले असेच आपण धरून चालतो. पण साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये पिनेवर एक रबरी नळी चढवलेली असते, ती उन्हाने चिरते. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून पाहावी. बुडबुडा आला तर नळी बदलावी, चाक उघडायचे कारण नाही. पंक्चरच असेल तर पॅच लावण्यापूर्वी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवावा. बाभळीचा काटा टायरात तसाच राहतो आणि घरी पोचेपर्यंत हवा पुन्हा जाते. सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. आपली घाई इथेच नडते.

पॅडल आवळताना एक ध्यानात ठेवा : डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो. जोर लावून सुलट्या दिशेने फिरवलात तर क्रँक कामातून जाते.

आता तेलाचे. चेनला तेल द्यावे आणि वरचे पुसून टाकावे, नाहीतर धूळ बसून चेन झिजते. चाकाच्या हबमधील छर्ऱ्यांना मात्र ग्रीस लागते. पावसाळा संपला की एकदा हब उघडून, रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरावे. मागच्या हबला प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ छर्रे असतात, उघडताना खाली पोते अंथरावे. 2004 साली आम्ही गटावर नवीन असताना हौसेने हबमध्ये इंजिनचे जुने तेल ओतले. चाक फिरले तसे ते तारांवरून रिमवर उतरले. कालव्याच्या उतारावर ब्रेक दाबला, पण रबर नुसते घसरत राहिले. समोरून भरलेली बैलगाडी येत होती. आम्ही सायकल चारीत घातली म्हणून हे लिहायला उरलो. तेव्हापासून रिम कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय आम्ही सायकल काढत नाही. लोखंडी रिम पावसाने किंवा दवाने ओली असली तरी ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा पहाटे बेताने चालवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागची लाल काच, म्हणजे रिफ्लेक्टर. डायनॅमोचा दिवा चाक थांबले की विझतो. रस्त्याकडेला उभे राहिलात की मागच्या ट्रॅक्टरवाल्यास ही काचच काय ती दिसते. आणि नेमकी हंगामात आपण तीच झाकतो! फडातून वाढ्याचा भारा कॅरिअरवर बांधला की पाने मडगार्डावर लोंबतात, काच दिसत नाही, आणि हिरवा भारा अंधारात अंधारच दिसतो. आपली गुरे या वाढ्यावर निभतात, म्हणून भारा आणू नका असे आम्ही म्हणणार नाही. पाने दोरीने वर आवळावीत, मडगार्डाच्या अगदी खालच्या टोकास लाल चकाकती पट्टी चिकटवावी, आणि हातभर लाकडी फळीस तीच पट्टी लावून ती भाऱ्याच्या मागे टांगावी. काच रोज पुसावी, चिखलाने भरलेली काच असून नसल्यासारखी.

ट्रॉल्यांना लावावयाची ही पट्टी गट ऑफिसात आली आहे. सायकलीसाठी वीतभर तुकडा सभासदांनी चिटबॉयकडून मागून घ्यावा, त्याचे पैसे नाहीत.

— ऊस विकास अधिकारी